खुणेचा डबा

थोरलीनं खुरप्याचं टोक मातीत खुपसलं, ढेकूळ तळहातावर घेतलं आणि त्यातलं बिटाचं रोप बोटांनी हलकेच मोकळं केलं. रोपाला दोनच पानं होती, तीही कडेनं आत वळून चुरगळलेली. मूळ दोऱ्याएवढं बारीक, मध्येच काळपट पडलेलं. तिनं रोप बाजूला टाकलं आणि माती कुंडीत भरली. माती इतकी गार होती की बोटं बधिर झाली.

बांधावर धाकटा उभा होता. अंगानं तो बहिणीच्या दीडपट, पण ताईशी वाद घालायचा झाला की अजूनही चार हात लांबूनच घालायचा.

"ताई, कुंड्या भरून काय होणार? डोळ्यांनी दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"रस्त्याकडचं बीट चांगलं, कुंपणाकडचं चांगलं. मधला पट्टा तेवढा गेलाय. आणि गेलाय तोही कसा, पट्टी लावून रेघ मारल्यासारखा. थंडी-पाऊस काय ओळ धरून पडतो?"

थोरलीनं मान वर केली नाही. ती सरळ कड तिलाही दिसत होती, म्हणून तर ती तिकडे पाठ करून बसली होती.

"इथं खोलगट आहे. पाणी साचतं."

"साचतं ना. पण पाण्याला ओळी कळत नाहीत."

थोरली म्हणत होती तेही काही हवेतलं नव्हतं. तणनाशक पेरणीनंतर लगेच मारायचं ते मातीच्या वरच्या थरात राहावं म्हणून. तणाचं बी वरच असतं, ते तिथंच संपतं, आणि बिटाचं बी जरा खाली सुखरूप राहतं. यंदा मात्र फवारणीच्या मागोमाग आभाळ फाटलं. पावसानं ते औषध खाली ढकलत थेट बियाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. वर ऊन म्हणून नाही. उबेत रोप थोडंफार औषध पचवून टाकतं. गारठ्यात त्याचं अंगच धरतं, पचवायचं कुठून? ऊन पडू दे, रोपं आपसूक सावरतील, असं तिचं म्हणणं होतं.

धाकट्याचं म्हणणं एवढंच होतं की आईनं या पट्ट्यावर दोनदा फवारलं.

वाद बिटापुरता असता तर केव्हाच मिटला असता. पण धाकट्याच्या त्या वाक्याला शेपूट होतं. आईचं वय झालं, तिला आता आठवत नाही, पंप तिच्या पाठीवरून उतरवायचा आणि फवारणीच्या मशीनवाल्याला बोलवायचं. त्यानं मशीनवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. थोरलीला हे कळलं त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आईचा पंप उतरू द्यायचा नाही.

"तीन कुंड्या," ती उठत म्हणाली. "एक या पट्ट्यातली, एक कुंपणाकडच्या चांगल्या भागातली, एक झुडपाखालची, जिथं औषध कधी गेलंच नाही. तिन्हीत बिटाचं बी टाकते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते, उबेला. पट्ट्यातलं रोप बाकीच्यांसारखं वाढलं तर दोष थंडीचा. चुरगळलं तर तुझं खरं."

"आणि चुरगळलं तर मशीन?"

"तर मशीन," थोरली म्हणाली. बोलून गेल्यावर तिनं धाकट्याकडे न बघता दुसरी कुंडी उचलली.

घरात फवारणी आईचीच. लग्न होऊन आली तेव्हापासून पंप तिच्या पाठीवर. बाबा छापखान्यात पुस्तकं बांधायचे आणि शेताचं त्यांना काडीचं कळत नसे, हे तेही हसत हसत सांगत. आई मात्र गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, तोंडावर मुसकं असा सगळा साज चढवून शेतात उतरायची आणि डोक्यावर भरला पेला ठेवल्यासारखी चालायची. नळी ना वर ना खाली. तिच्या फवारणीखाली गवताचं पातं उगवत नाही, असं आसपासचे लोक म्हणत. ती स्वतः हे कधीच म्हणत नसे, कुणी म्हटलं की मात्र "काय म्हणालात?" असं विचारून पुन्हा एकदा ऐकून घ्यायची.

काम अर्धवट सोडायची वेळ आली तर तिची एक ठरलेली खूण होती. थोरलीच्या लहानपणीचा दुधाच्या पावडरीचा एक डबा घरात होता, त्यावर खिदळणाऱ्या बाळाचं चित्र. ज्या ओळीवर थांबायचं तिथं खुंटी रोवायची आणि डबा तिच्यावर उपडा घालायचा. उपडा अशासाठी, की आत पाणी साचायला नको. दुसऱ्या दिवशी, बाळ डोक्यावर उभं असेल तिथून पुढे.

यंदाही तसंच झालं होतं. खोलगट ओलांडून आई पुढे गेली आणि वारा सुटला. वाऱ्यात फवारणं तिच्या तत्त्वात बसत नसे. तिनं डबा ठेवला, घरी आली, दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर डब्यापासून पुढचं शेत उरकलं. बीट उगवल्यावर पट्टा दिसू लागला तेव्हा धाकट्यानं तिला समोर बसवून विचारलं होतं.

"आई, डबा चुकीच्या ओळीत ठेवला असशील का?"

आईनं हातमोज्यांची जोडी उलटी करून पुन्हा सुलटी केली. मग म्हणाली, "ठेवला असेन."

बीट गेल्याचं थोरलीला वाईट वाटलं होतं, पण हा शब्द तिच्या जिव्हारी लागला. 'असेन' हा शब्द आईच्या तोंडी तिनं जन्मात ऐकला नव्हता. आई एकतर 'हो' म्हणायची, नाहीतर 'मुळीच नाही'.

कुंड्या घेऊन ती स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा टेबलाशी बसून एका जुन्या पुस्तकाची पाठ चिकटवत होते. छापखाना सुटला तरी हात सुटला नव्हता. पडलेलं काही दिसलं की उभं करायचं, वाकडं दिसलं की सरळ करायचं, ही त्यांची आयुष्यभराची खोड. कुणाच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर नीट केल्याशिवाय त्यांना बसवत नसे. थोरलीनं कुंड्या खिडकीत ठेवल्या तर त्यांनी उठून त्या एका रेषेत लावल्या.

"कोणती कुठली गं?"

"डावीकडची झुडपाखालची. मधली चांगल्या भागातली. उजवीकडची पट्ट्यातली."

"आणि ही उजवीकडची काय म्हणेल त्यावर तुझ्या आईचा पंप."

"हो, बाबा."

बाबांनी उजवीकडच्या कुंडीतल्या मातीला बोट लावलं. "फार चिखल आहे. आज बी टाकलंस तर सडेल. निथळू दे रात्रभर, उद्या टाक."

हे तिला पटलं. तिनं बी दुसऱ्या दिवशी टाकलं.

मग वाट बघणं सुरू झालं. थोरली शेतात जाताना खिडकीत डोकावायची, येताना डोकावायची, पाणी घालताना हात आखडता घ्यायची. बाहेर गारठा हटायला तयार नव्हता आणि पट्ट्यातली रोपं दिवसेंदिवस विरळ होत चालली होती. धाकट्याच्या घाईलाही कारण होतं. बी थोडंच उरलं होतं, एकदाच पेरता आलं असतं. पट्टा सावरणार असेल तर ते जपून ठेवायचं; माती कडू झाली असेल तर त्या पट्ट्यात टाकणं म्हणजे ओंजळीनं फेकून देणं.

आई या सगळ्यातून अंग काढून होती. कुंड्यांकडे ती बघतही नसे. पंप धुऊन, पुसून तिनं मागच्या पडवीत टांगला होता, आणि जाता-येता त्याचा पट्टा उगीच ओढून बघायची.

अखेर बीट उगवलं. तिन्ही कुंड्यांत लालसर देठ वर आले, पानं उलगडली. थोरलीनं उजवीकडच्या कुंडीवर डोळे लावले. पहिलं पान सपाट. दुसरं सपाट. चुरगळणं नाही, कड वळणं नाही. उलट तिन्हींत तीच कुंडी सगळ्यात टवटवीत. तिला इतका आनंद झाला की तिनं खिडकीच्या चौकटीवर कपाळ टेकवलं आणि एकटीच हसली. हवं तेच दिसलं की माणूस पुढे बघत नाही. तिनंही बघितलं नाही.

तिनं धाकट्याला हाक मारली. तो चिखलाचे पाय बाहेर झटकून आत आला, कुंडी उचलून चारही बाजूंनी फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"मानलं," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा पडण्याऐवजी उजळलाच, हे थोरलीनं पाहिलं. त्यालाही आईच्या विरुद्ध खरं ठरण्यात फारसं सुख नव्हतं. "म्हणजे थंडीच. पट्टा तसाच ठेवू."

"आणि मशीन?"

"नको. सांगतो त्याला."

बाबा टेबलाशी बशीत चहा ओतून बसले होते. त्यांनी फुंकर घालायची ती इतका वेळ घातली की चहा गार झाला असावा.

तेवढ्यात मागच्या दारानं आई आली. हात पदराला पुसत ती ओट्याकडे चालली होती, पण दोन्ही मुलं हसताना दिसली म्हणून थांबली.

"आई, ये, बघ! दोष पावसाचाच होता. तुझी काही चूक नाही."

आई खिडकीशी आली. आधी डावीकडची कुंडी, मग मधली, मग उजवीकडची. उजवीकडे ती वाकली. मुसक्यामागून शेत बघायची सवय असलेले ते बारीक डोळे आणखी बारीक झाले. बिटाच्या देठांच्या बुडाशी, अगदी कुंडीच्या कडेला, लालसर काडीवर जाड जाड इवली पानं धरून काहीतरी बसलं होतं. आईनं ते चिमटीत धरलं.

"हे काय आहे?"

थोरली बिटाचंच एखादं उशिरा आलेलं रोप समजत होती. आता नीट पाहिलं तर तसली आणखीही होती.

"घोळ," धाकटा म्हणाला. "घोळीचं तण. ऊब मिळाली की येतं."

"कुंडी कुठली?"

"पट्ट्यातली."

आई सरळ उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "मी फवारलेल्या मातीत घोळ?"

तिनं बोट मधल्या कुंडीकडे वळवलं.

"मधल्या कुंडीत बघा. तिथं मी एकदाच मारलंय. आहे एक तरी तण? नाही. झुडपाखालच्या कुंडीत मारलंच नाही, तिथं गवत माजलंय, ते ठीक. आणि ज्या पट्ट्यावर तुम्ही म्हणता दोनदा मारलं, तिथं घोळ उगवली? ही माती माझ्या शेतातली नाही."

"आई, जाऊ दे ना," थोरली पुटपुटली. तिला एका क्षणात सगळं कळलं होतं, आणि आईनं गप्प बसावं एवढंच तिला हवं होतं.

"जाऊ कसं दे? उद्या कुणी म्हणेल, हिच्या फवारणीखाली घोळ येते. ऐकून घेऊ?" तिनं रोपटं उपटलं आणि ओट्यावर ठेवलं. मग आवाज खाली आणून धाकट्याला म्हणाली, "पट्ट्यात काही पेरू नकोस. तिथं दोनदाच मारलं गेलंय. खोल नांगर, पाऊस पिऊ दे, यंदा तसाच राहू दे. आणि तुझ्या मशीनवाल्याला ये म्हणावं."

धाकटा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. बाबांनी बशी खाली ठेवली. 

आई तशीच मागच्या दारानं बाहेर गेली. थोरली तिच्या मागोमाग धावली.

पडवीत आई पंपाची टाकी उतरवून पुन्हा धुवायला बसली होती. धुतलेलीच टाकी.

"का बोललीस? मी जिंकले होते! तो मशीनला नाही म्हणाला होता!"

"कुणाच्या मातीवर जिंकलीस?"

"कुणाच्या का असेना!"

"आणि पट्ट्यातलं बीट सावरेल म्हणून वाट बघत बसला असता तुम्ही. आणखी कंटाळलात की उरलेलं बी तिथं टाकलं असतंत. तेही गेलं असतं." आईनं टाकी उपडी केली. "ते बघ."

परसात बाबांचा वाफा होता. फुलझाडं, कोथिंबीर आणि त्यांच्यामध्ये बाबांनी कधीच न उपटलेलं सगळं तण. उगवलंय तर जगू दे, असं त्यांचं तत्त्वज्ञान. उबेसाठी वर टाकलेल्या काचेच्या छपराखाली घोळ तर सतरंजीसारखी पसरली होती. आणि त्या हिरव्या दाटीत, अगदी कडेला, बरोबर कुंडीच्या तोंडाएवढी गोल जागा बोडकी होती. काळी माती, तिच्यावर एक कोंब नाही.

"पट्ट्यातली माती त्यांनी तिथं ओतली," आई म्हणाली. "आणि इथली कुंडीत भरली. मला तेव्हाच दिसलं. म्हटलं, बिचारे करताहेत तर करू दे. पण घोळीचं त्यांच्या लक्षात आलं नाही."

थोरलीला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "तू तर चुकीच्या ओळीत डबा ठेवणारीच नाहीस. मग 'ठेवला असेन' का म्हणालीस?"

आईनं पंपाचा पट्टा हातात घेतला, त्याची भोकं अंगठ्यानं चाचपली.

"दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा वाटलं, काल याहून पुढे गेले होते. पण डबा म्हणजे डबा, त्याच्यापुढे मी माझं कधी खरं करत नाही. केलं सुरू. नंतर आठवलं. डबा सरळ होता. खुंटीच्या शेजारी, तोंड वर, आत पाणी. बाळ छान उभं."

थोरलीच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. वाऱ्यानं खुंटीसकट उन्मळून खोलगटात गडगडत गेलेला डबा, आणि संध्याकाळी तिकडून फेरी मारून येणारा एक माणूस, ज्याला पडलेलं काही बघवत नाही.

"बाबा."

"हळू बोल. त्यांना माहीत नाही."

"सांगू या धाकट्याला. तुझी चूकच नाही!"

"आणि ते त्यांच्या कानावर नाही जाणार? आठ दिवस जेवणार नाहीत." आईनं पट्टा सोडून दिला. "माझा पंप जाईल तर जाऊ दे. एवढं बिटाचं शेत मी घालवलं असं म्हणू दे लोकांना. त्यांनी घालवलं असं नको."

थोरली तिथंच पायरीवर बसली. कुणाला काही न सांगता हे सोडवायचं म्हणजे एकच वाट होती, आणि ती तिच्या स्वतःच्या पाठीवरून जात होती. जन्मात तिनं पंप उचलला नव्हता.

ती उठून आत गेली आणि धाकट्याला म्हणाली, "मशीन नको. फवारणी मी करणार. आई शिकवेल. वरच्या तुकड्यात गाजर पेरायचंय, तिथं बघ माझं काम. तण दिसलं तर बोलव तुझ्या मशीनवाल्याला."

"तुला जमेल?"

"नाही जमलं तर जमेपर्यंत करीन."

दुसऱ्या दिवसापासून पंपात साधं पाणी भरून थोरली अंगणातल्या फरशीवर चालू लागली. आई पायरीवर बसून बघायची. ओल्या पट्ट्या वाळताना सगळं उघडं पडत असे. जिथं हात रेंगाळला तिथं फरशी उशिरा वाळायची, जिथं घाई झाली तिथं लगेच.

"डावा पाय झोपलाय तुझा. पुन्हा."

थोरली पुन्हा चालायची. खांदे सोलवटले, मनगट सुजलं. आई काही तिला गोंजारत नव्हती, उलट तिच्या आवाजाला जुनी धार आली होती. पंप गेला होता, पण पंपाचा हुकूम अजून तिच्याकडेच होता, आणि तो थोरलीनं तिला आपणहून दिला होता. एके दिवशी सगळी फरशी एकदम, एकसारखी वाळली.  आईनं बाबांचा टोचा मागून आणला आणि थोरलीच्या खांद्याच्या मापानं पट्ट्याला नवं भोक पाडलं.

गाजराची पेरणी झाली. थंडी ओसरून कोवळं ऊन पडलं होतं. थोरली बूट, मोजे, मुसकं चढवून वरच्या तुकड्यात उतरली, आई बांधावरून चालत राहिली. तुकडा अर्धा झाला आणि झुडपं हलू लागली.

"वारा," आई म्हणाली. "थांब."

थोरली थांबली. तिनं खुंटी घेतली आणि हातोडीनं खोल ठोकली. डबा तिच्यावर उपडा घातला, आणि मग खिशातून खिळा काढून डब्याच्या बुडातून सरळ खुंटीत मारला.

बाबा पाण्याची कळशी घेऊन येत होते. त्यांनी कळशी ठेवली, डब्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपसूक पुढे आला.

"अगं, बाळ उलटं झालंय."

"असू द्या, बाबा. ते उलटंच ठेवतात."

"नेहमी?"

"नेहमी."

बाबांचा हात डब्यापासून वीतभर अंतरावर थांबला. वरच्या तुकड्यातून खालचं बिटाचं शेत पूर्ण दिसत होतं, हिरव्या पानांमधला तो नांगरलेला काळा पट्टा, पट्टी लावून आखल्यासारखा. बाबा एकदा डब्याकडे, एकदा पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात हळूहळू पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"अहो," आई बांधावरून जोरात म्हणाली, "उभे काय राहिलात? पंप धुवायचाय, एवढ्याशा पाण्यात काय होतंय? अजून एक कळशी आणा बघू."

"आणतो," बाबा म्हणाले, आणि जवळजवळ पळतच निघाले.